गोळ्यांचा कोर्स पूर्ण करूनही क्लॅमिडियाचा रिपोर्ट परत पॉझिटिव्ह, आता काय करू?

निनावी_पिंपरी

नमस्कार, हा आयडी आजच काढलाय, कारण रोजच्या आयडीवर मला ओळखणारे बरेच जण आहेत. मी २९ वर्षांची, लग्नाला सव्वा वर्ष झालं, आठ महिने बाळासाठी ट्राय करतोय. काहीच होईना म्हणून गायनॅककडे गेले. तपासताना त्या म्हणाल्या की पिशवीच्या तोंडाशी थोडी सूज दिसतेय, अंगावरून पांढरं जातं का? मी म्हटलं जातं, पण ते तर सगळ्यांनाच जातं ना. त्यांनी स्वॅब घेतला, पीसीआरला पाठवला, चार दिवसांनी रिपोर्ट आला, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस डिटेक्टेड. हे नावच मी पहिल्यांदा ऐकलं, आधी वाटलं कसला तरी बुरशीचा प्रकार असेल, मग गूगल केलं, संबंधांतून पसरणारा जंतू निघाला आणि हातपाय गार पडले.

डॉक्टरांनी डॉक्सी १०० (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) सकाळ-संध्याकाळ सात दिवस दिली. मिस्टरांनाही घ्यायला सांगा म्हणाल्या, पण चिठ्ठी माझ्याच नावाची. घरी येऊन सांगितलं तर हा म्हणाला मला काहीच त्रास नाही, जळजळ नाही, काही नाही, मी कशाला गोळ्या खाऊ. आणि मग थोडं थांबून, "मग तुला कुठून आलं?" ते वाक्य अजून डोक्यात फिरतंय. लग्नाआधी माझं एक रिलेशन होतं, त्याचंही होतं, दोघांनी एकमेकांना साखरपुड्याआधीच सगळं सांगितलंय. लग्नानंतर माझ्याकडून काही नाही, आणि मला वाटतं त्याच्याकडूनही नाही.

असो. मी कोर्स पूर्ण केला, एकही गोळी चुकवली नाही. सहाव्या दिवशी आमच्यात एकदा संबंध आले, बिना कंडोम (माहितीये, ओरडू नका). कोर्स संपल्यावर पंधराव्या दिवशी मी कुणाला न विचारता बाहेरच्या लॅबमध्ये स्वतःच परत पीसीआर केला, अडीच हजार गेले, आणि परत पॉझिटिव्ह!! म्हणजे गोळ्या लागूच पडल्या नाहीत का? जास्त पॉवरच्या लागतील का? ट्यूब (गर्भनलिका) खराब झाल्या असतील का? आणि मुख्य म्हणजे हे कुणाकडून कुणाला आलं हे कळायची काही टेस्ट असते का? घरात सासूबाई असतात, मोठ्याने बोलताही येत नाही, हे सगळं बाथरूममध्ये बसून टाइप करतेय.

मायक्रोवाली

ताई, आधी पाणी पी. मी लॅबमध्येच काम करते, मायक्रोबायोलॉजीला, त्यामुळे टेस्टबद्दल सांगते, औषधाचं डॉक्टर लोक सांगतील.

तू टेस्ट लवकर केलीस. पीसीआर जंतू जिवंत आहे का मेलेला ते बघत नाही, त्याचा डीएनए आहे का एवढंच बघतो. गोळ्यांनी जंतू मेले तरी त्यांचे तुकडे अंगात काही आठवडे राहतात आणि मशीन इमानदारीत सांगतं, आहे. म्हणून कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे तरी ही टेस्ट करायची नसते. आमच्याकडे काउंटरला असं कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, पण न विचारता पैसे भरले की सॅम्पल घेतला जातो, खरं ते खरं.

पण तुझ्या केसमध्ये दुसरी शक्यताही तितकीच आहे, नवऱ्याने गोळी घेतली नाही आणि तरी संबंध आले, म्हणजे परत लागण झालेली असू शकते. हा जंतू एकदा होऊन गेला की परत होत नाही असं काही नसतं. कांजिण्यांसारखं नाही ते. या दोन्हीतलं नक्की कोणतं हे आत्ताच्या रिपोर्टवरून कुणीच सांगू शकत नाही.

कुणाकडून कुणाला हे सांगणारी टेस्ट नाही. रिपोर्टवर तारीख असते ती सॅम्पल घेतल्याची, लागण झाल्याची नाही! हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते. सुमारे ७० ते ८० टक्के बायकांना आणि निम्म्या पुरुषांना काहीही लक्षण नसतं, आणि औषध घेतलं नाही तर हा गुपचूप राहतो, काही बायकांमध्ये वर्ष उलटून गेल्यावरही सापडतो. तुमचं लग्न सव्वा वर्षाचं. म्हणजे दोघांपैकी कुणीही लग्नाआधीच घेऊन आलेलं असू शकतं, स्वतःला न कळता. "मला त्रास नाही म्हणजे मला नाही" हे मिस्टरांचं लॉजिक इथेच गळून पडतं.

त्यांची टेस्ट सोपी आहे, सुई नाही, नळी नाही. तासभर लघवी रोखायची आणि मग सुरुवातीची धार, साधारण २० मिली, डबीत घ्यायची. सगळ्यांना मधली धार द्यायची सवय असते (ती कल्चरसाठी, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघायच्या टेस्टसाठी), इथे उलटं, पहिलीच धार पाहिजे, कारण जंतू मूत्रमार्गाच्या आतल्या पेशींत बसलेला असतो आणि पहिल्या धारेबरोबर धुऊन येतो.

सब्जा_आणि_ताक

एवढं घाबरू नका, ही अंगातली उष्णता आहे. रात्री सब्जा भिजवून सकाळी घ्या, धन्याचं पाणी प्या, आठ दिवसांत पांढरं जाणं बंद. अँटिबायोटिकने उष्णता अजून वाढते.

मायक्रोवाली

@सब्जा_आणि_ताक सब्जा मलाही आवडतो, फालुद्यात. हा बॅक्टेरिया आहे, पेशीच्या आत शिरून वाढतो, धन्याच्या पाण्याने तो मरत नाही. पांढरं जाणं कमी झालं तरी आतला जंतू ट्यूबकडे सरकत राहतो, आणि बाईला वाटतं बरी झाले. प्लीज.

रांगडा_गडी

मी लिहू का नको लिहू म्हणत होतो पण लिहितोच, कारण तुमच्या मिस्टरांच्या जागी मी होतो. गाव कोल्हापूर साइड, तेव्हा वय २६, लग्न झालेलं नव्हतं. मला त्रास होता, लघवी करताना थोडी जळजळ आणि सकाळी उठल्यावर चड्डीला एक ठिपका, पाण्यासारखा. बस एवढंच. त्याला कोण डॉक्टरकडे जातंय. मेडिकलवाल्याला हळूच सांगितलं, त्यानं दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडं बघून माझ्यापेक्षा हळू आवाजात विचारलं "कधीपासून?" आणि सिफिक्सिमच्या सहा गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या. जळजळ थोडी कमी झाल्यागत वाटली, मग परत.

मग लघवी तपासली, पस सेल १५-२०, डॉक्टर म्हणाले युरिन इन्फेक्शन, कल्चर करा. कल्चर आलं नो ग्रोथ. परत दुसरी गोळी, परत तेच, परत कल्चर, परत नो ग्रोथ. चार महिने हा खेळ चालला भावांनो. मधेच एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या त्या जाहिरातीच्या दवाखान्यात पण जाऊन आलो, खोटं कशाला बोलू, तिथं "धातू जातोय" म्हणून साडेतीन हजाराचं चूर्ण गळ्यात मारलं.

शेवटी उजव्या बाजूची गोटी सुजली, चालता येईना, तेव्हा सरकारी हॉस्पिटलात गेलो. तिथं एक मॅडम होत्या, त्यांनी पाच मिनिटात विचारलं जे चार महिन्यात कुणी विचारलं नव्हतं, नवीन कुणाशी संबंध आले होते का, कंडोम होता का. आले होते. नव्हता. मग योग्य औषध मिळालं आणि बरा झालो. त्या म्हणाल्या, वेळेत आला असतास तर सात दिवसांच्या गोळ्यांत भागलं असतं.

ज्या पोरीशी संबंध आला होता तिला फोन करायला मला नऊ दिवस लागले. ती रागावली नाही, म्हणाली बरं झालं सांगितलंस. मला आजही त्या नऊ दिवसांची लाज वाटते, रोगाची नाही वाटत.

मायक्रोवाली

@रांगडा_गडी भाऊ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. कल्चर नो ग्रोथ का येतं ते सांगते, आपल्या साध्या कल्चर प्लेटवर क्लॅमिडिया उगवतच नाही, त्याला जिवंत पेशी लागते. त्यामुळे पस सेल आहेत पण कल्चर कोरं असं दिसलं आणि माणूस तरुण आहे, तर डॉक्टरांच्या डोक्यात हे नाव यायला पाहिजे.

अवांतर, आमच्या आजीच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या, पापण्या आत वळलेल्या, चिमट्याने केस उपटायची. ते पण हेच, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस, फक्त जात वेगळी, ती डोळ्यांत राहते. १९०७ साली जावा बेटावर डोळ्यांच्या खरवडीतच हा पहिल्यांदा दिसला, पेशीच्या आत केंद्रकाला पांघरूण घातल्यासारखा, म्हणून ग्रीकमधल्या अंगरख्याच्या शब्दावरून नाव पडलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूएचओने भारत खुपऱ्यांच्या प्रश्नातून सुटला असं जाहीर केलं. खालचा भाऊबंद मात्र आरामात आहे.

निनावी_पिंपरी

तुम्ही लोक किती छान बोलताय, मला रडू येतंय आणि अंगरखा वाचून हसू पण. रांगडा_गडी तुमची पोस्ट मी स्क्रीनशॉट काढून मिस्टरांना पाठवली, निळी टिक आली, उत्तर नाही. कुणी डॉक्टर आहे का इथे? परत गोळ्या घ्यायच्या का? आणि ट्यूबचं?

त्वचावाला_डॉक

आहे. त्वचा आणि गुप्तरोग हाच माझा विषय. इथून प्रिस्क्रिप्शन देत नाही, तुमच्या गायनॅकना दाखवा, पण जाताना काय बोलायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, जास्त पॉवर वगैरे काही लागत नाही. क्लॅमिडियावर डॉक्सी फेल जाणं खरंच क्वचित घडतं, औषधाला दाद न देणारा क्लॅमिडिया हा आमच्या रोजच्या प्रॅक्टिसमधला प्रश्नच नाही. फेल जातो तो जोडीदार. तुम्ही कोर्सच्या मध्यातच उपचार न घेतलेल्या जोडीदाराबरोबर संबंध ठेवलेत, त्यामुळे बहुतेक डॉक्टर पुढच्या टेस्टची वाट न बघता दोघांना एकत्र परत कोर्स देतील. एकत्र म्हणजे त्याच आठवड्यात, जमल्यास त्याच दिवशी सुरू. आणि दोघांचाही कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध बंद. कंडोम लावून पण नको, सात दिवसांनी कुणी मरत नाही.

तुम्ही बाळासाठी ट्राय करताय म्हणून दुसरी गोष्ट महत्त्वाची, डॉक्सी सुरू करायच्या आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, पाळी वेळेवर आली असली तरी करा. गरोदरपणात डॉक्सी देत नाही, तिथे ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच देतात, आणि साधारण चार आठवड्यांनी बरं झालं का ते तपासतात, कारण प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोळ्यांना आणि फुफ्फुसांना लागण होऊ शकते. पूर्वी सगळ्यांनाच ॲझिथ्रोचा तो एक डोस द्यायचे, सोपा पडतो म्हणून. आता डॉक्सी पहिली, कारण तिचा गुण जास्त येतो, विशेषतः गुदमार्गात लागण असेल तर.

डॉक्सी घ्यायची पद्धत कुणी नीट सांगत नाही. जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. माझ्याकडे एक कॉलेजचा मुलगा आला होता, रात्री झोपताना कोरडीच गिळायचा, गोळी अन्ननलिकेत चिकटून व्रण पडला, तीन दिवस गार दूध सोडून काही गिळता येईना. लोहाची, कॅल्शियमची गोळी किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध चालू असेल तर दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर डॉक्सी पोटातच अडकते. उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते, टू-व्हीलरवर पूर्ण बाह्यांचं घाला.

ट्यूबचं. उपचार न घेतलेल्या बायकांपैकी साधारण १० ते १५ टक्के जणींना ओटीपोटात वरपर्यंत इन्फेक्शन जातं, आणि त्यातल्याही सगळ्यांच्या ट्यूब बंद पडत नाहीत. म्हणजे आत्ताच मनात एचएसजी (डाय सोडून ट्यूबचा एक्स-रे) बघू नका. ट्यूब कधी तपासायच्या ते गायनॅक ठरवतील, आधी इन्फेक्शन पूर्ण जाऊ दे, चालू इन्फेक्शनमध्ये डाय सोडली तर तेच वर ढकललं जातं. आणि आपल्याकडे ट्यूब बिघडायला टीबी हे पण मोठं कारण आहे, तेव्हा सगळं खापर या एका जंतूवर फोडू नका. ओटीपोटात जोराचं दुखलं, ताप आला, संबंधांच्या वेळी खोल दुखलं तर मात्र त्याच दिवशी जा. पुढे दिवस राहिले आणि एका बाजूला दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच सोनोग्राफी, गर्भ ट्यूबमध्ये अडकलेला नाही ना हे बघायला. हे डोक्यात राहू दे, घाबरायला नाही, उशीर होऊ नये म्हणून.

दोघांनी एचआयव्ही, सिफिलिसची व्हीडीआरएल आणि गोनोरियाची टेस्ट करून घ्या, एक एसटीआय (संबंधांतून पसरणारा आजार) सापडला की बाकीचे शोधायचे हा नियमच आहे, संशय म्हणून नाही. आणि मग तीन महिन्यांनी दोघांची परत क्लॅमिडिया टेस्ट. ती औषध लागू पडलं का हे बघायला नसते, परत लागण झाली का हे बघायला असते.

पैशाचा प्रश्न असेल त्यांच्यासाठी, जिल्हा रुग्णालयात, सरकारी मेडिकल कॉलेजात सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे लक्षणांवरून रंगीत पाकिटं देतात, लघवीच्या जागेतून स्राव असेल तर ग्रे रंगाचं, त्यात ॲझिथ्रो आणि सिफिक्सिम एकत्र असतं. फुकट. रांगडा_गडींना मेडिकलवाल्याने नुसतं सिफिक्सिम दिलं, ते गोनोरियाचं औषध, क्लॅमिडियावर चालत नाही, म्हणून चार महिने गेले. विचारायला कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ हा फुकट हेल्पलाइन नंबर आहे.

मिसळ_इन_लंडन

इथे यूकेत हे इतकं रुटीन आहे की आधी मलाच विचित्र वाटलं. मास्टर्सला आले तेव्हा युनिव्हर्सिटीच्या फ्रेशर्स फेअरला पेन आणि पिझ्झाच्या कूपनबरोबर क्लॅमिडियाची किट वाटत होते, मी आईला सांगितलं नाही अजून. सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये तपासणी फुकट. पॉझिटिव्ह आलं की क्लिनिकच तुमच्या जोडीदाराला नाव न सांगता मेसेज पाठवायची सोय करतं. आपल्याकडे नऊ दिवस जो फोन करता येत नाही ना, तो इथली नर्स करते. औषध तेच, डॉक्सी सात दिवस.

आयव्हीएफ_वाट_पाहतेय

थोडं विषयांतर, पण माझ्या सेंटरने रक्तातून क्लॅमिडिया आयजीजी केलं, पॉझिटिव्ह आलं. पीसीआर निगेटिव्ह. नवरा आणि मी दोघं गोंधळलोय. मला आहे का नाही?

मायक्रोवाली

@आयव्हीएफ_वाट_पाहतेय आयजीजी म्हणजे शरीराची जुनी आठवण. कधीतरी भेट झाली होती एवढंच, आत्ता आहे असं नाही. शिवाय न्यूमोनिया करणारा क्लॅमिडियाचा एक भाऊ आहे, त्याच्यामुळेही काही किटमध्ये हे पॉझिटिव्ह येतं. आत्ता इन्फेक्शन आहे का याचं उत्तर स्वॅब किंवा लघवीचा पीसीआर देतो, रक्त नाही. ट्यूबबद्दल अंदाज बांधायला डॉक्टर कधी कधी आयजीजी बघतात, म्हणून सेंटरला विचारा, हे का केलंत. नुसत्या आयजीजीवर कुणी गोळ्यांचा कोर्स दिला तर पीसीआर दाखवून परत विचारा.

निनावी_पिंपरी

अपडेट देते, बारा दिवस झाले. निळी टिक आली त्या रात्री मिस्टर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून फोन, "ती पहिली धार म्हणजे नक्की किती?" मी पार्किंगमध्ये उभी राहून अर्धा तास हसले, मग रडले. लघवी दिली, पॉझिटिव्ह आली. कसलाही त्रास नसताना. रिपोर्ट त्यानेच मला वाचून दाखवला आणि म्हणाला, ते कुठून आलं वालं मी बोललो ते चुकलंच. मग आम्ही ठरवलं की कुणाचं आधीचं हे शोधायचं नाही, शोधून मिळणार पण नाही. (मायक्रोवाली ताई, तारखेचं तुमचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं ऐकवलं.)

गायनॅकनी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावली, निगेटिव्ह, मग दोघांना एकत्र डॉक्सी दिली, या वेळी चिठ्ठीवर दोघांची नावं. एचआयव्ही आणि बाकी सगळं निगेटिव्ह. परवा कोर्स संपला. ट्यूबचं दोन पाळ्यांनंतर बघू म्हणाल्या.

गंमत म्हणजे तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पकडलंच, डायनिंग टेबलवर एकसारख्या दोन पट्ट्या बघून. "दोघांना एकदम कसला कोर्स?" माझी बोबडी वळली. नवरा शांतपणे म्हणाला, अगं त्या पावसात आम्ही गुडघाभर पाण्यातून आलो ना गाडी ढकलत, लेप्टोची गोळी आहे. त्यांनी डब्यावरचं नाव शेजारच्या काकांना फोन करून विचारलं आणि काका म्हणाले हो हो, डॉक्सी लेप्टोलाच देतात! आता रोज रात्री जेवल्यावर त्याच आठवण करून द्यायच्या, गोळी घेतली का, आणि लगेच आडवे होऊ नका.

तीन महिन्यांनी म्हणजे दिवाळीच्या सुमारास दोघांची परत टेस्ट. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावलाय, नाव दिलंय गॅस बुकिंग.